न सापडणे आणि नसणे

फोर्टमधल्या मुख्यालयातून रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी देशातल्या बँकांना सायबर सुरक्षेबद्दल एक परिपत्रक धाडले. त्याच्या जोडपत्रात एक छोटी अपेक्षा आहे. महत्त्वाच्या कामकाजासाठी जे सॉफ्टवेअर वापरले जाते, त्याचा सोर्स कोड बँकेने जाणकारांकडून तपासून घेण्याचा विचार करावा, नाहीतर त्यात लपवलेला घातक किंवा फसवणुकीचा कोड नाही अशी हमी पुरवठादाराकडून घ्यावी. कारकुनी नजरेला हे एक नेहमीचे कलम दिसेल. पण बँका एरवी ज्या हम्या घेतात त्यांच्यापेक्षा ही हमी जातीनेच निराळी आहे. तिजोरीत अमुक रक्कम आहे, हे मोजून दाखवता येते. अमुक गोष्ट कुठेच नाही, हे काय मोजून दाखवायचे? आता हे काम बव्हंशी यंत्रावर सोपवले जाते. लाखो ओळींचा कोड स्कॅनरला घातला की काही तासांत रिपोर्ट हाती येतो आणि त्याच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते की एकही गंभीर त्रुटी आढळली नाही. ‘स्कॅन क्लीन आला’ असे सांगून मंडळी पुढच्या कामाला लागतात. यंत्राला सापडले नाही, यावरून ते नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? हा प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, पण तो मुळात ज्ञानाचा आहे. आणि माझे म्हणणे असे की, भारतीय तर्कशास्त्राने त्याला दिलेले उत्तर आजच्या सुरक्षा-तपासणीच्या धंद्यात चालणाऱ्या उत्तरापेक्षा अधिक काटेकोर आहे.

मुंबईत प्लेगने घरेच्या घरे ओस पडत होती त्या १८९७ साली बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती निघाली. न्यायशास्त्राचे हे प्राथमिक पुस्तक. पण जगात काय काय आहे याची सात पदार्थांची यादी देताना त्यात सातवा पदार्थ म्हणून चक्क ‘अभाव’ येतो. नसणे हीसुद्धा जाणण्याजोगी गोष्ट आहे, हे नैयायिकांनी गंभीरपणे घेतले आणि मग ती जाणायची कशी यावर शतकानुशतके वाद घातला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसे कळते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, न आढळणे हेच ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन आहे, त्याचे नाव अनुपलब्धी. नैयायिक म्हणाले, वेगळे साधन कशाला हवे, डोळ्यांनीच कळते. प्रभाकराच्या अनुयायांनी तर अभाव नावाचे काही नसतेच, उरते ती नुसती जमीन, असे सांगून वादाचे मूळच कापायला घेतले. हा झगडा इथे मिटवण्याचे कारण नाही. महत्त्वाचे ते पुढेच आहे. न आढळण्याला जे किंमत देतात, त्यांनी एक अट घातली, ती म्हणजे योग्यता. घडा असता तर तो दिसलाच असता, असे जिथे म्हणता येते तिथेच त्याचे न दिसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा ठरतो. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही तर त्यावरून घड्याबद्दल काहीही कळत नाही. कळते ते एवढेच की काळोख आहे. दुसरी अट याहून साधी आहे. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव सांगायचा तो ‘प्रतियोगी’ आधी नेमका ठरलेला पाहिजे. ‘इथे काही नाही’ या वाक्याला या शास्त्रात अर्थ नाही. ‘इथे घडा नाही’ याला आहे.

ही अट पोथीपुरती नाही, आणि तिची धार बघायला मुंबईतलाच एक खटला पुरेसा आहे. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथे बनलेली लस देशभर जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांची लस ५३-एन या एकाच बाटलीतली होती, आणि ते एकोणीसही जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले. तिथे लस बनवण्याच्या पद्धतीत बदल झाला होता, पूर्वी घालत असत ते कार्बोलिक आम्ल वगळले होते; तेव्हा दूषण तिथेच झाले असणार, असा तो तर्क. हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी प्रकरण उकरून काढले, १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचे पत्र छापून आले आणि हाफकिन निर्दोष ठरले. बचावात दोन गोष्टी होत्या. बाटली उघडताना वापरलेला चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो धड निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला, ही एक. दुसरी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची: बाटली उघडल्यावर तिचा वास घेतला गेला होता आणि तिला दुर्गंधी नव्हती. परळहून निघाल्यापासून त्या बाटलीत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर तिला घाण वास आला असता. वास नव्हता, म्हणजे जंतूंची ती वाढ उघडण्याच्या क्षणी नव्हती. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी. इथे प्रतियोगी ठरलेला आहे, तो असता तर काय जाणवले असते हे माहीत आहे, आणि जाणवून घेणारे नाक जागेवर हजर होते. याउलट आयोगाला फार तर एवढेच दाखवता येत होते की परळमध्ये दूषण होणे शक्य होते. कसलाही वास न येणाऱ्या विषाची शंका असती, तर मात्र तेच नाक आणि तीच बाटली असून पुरावा शून्य ठरला असता.

आता सोर्स कोडकडे वळू. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. ओपनएसएसएल ही गुप्त संभाषणाची सोय पुरवणारी लायब्ररी जगभरच्या वेबसाइटांच्या पोटात होती. तिच्यात एक साधी सोय होती: एक संगणक दुसऱ्याला ‘जागा आहेस ना?’ असे विचारतो, सोबत थोडा मजकूर पाठवतो, आणि दुसऱ्याने तोच मजकूर जसाच्या तसा परत करायचा. मजकूर किती लांब आहे तो आकडाही पाठवणाराच लिहितो. हा आकडा दोन बाइटांत लिहिला जात असल्यामुळे ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. मजकूर एका अक्षराचा आणि आकडा मात्र पासष्ट हजारांचा, असा निरोप आला तर? दोन्हींचा मेळ घालणारी तपासणीच कोडमध्ये नव्हती. प्रोग्रॅम आकड्यावर विश्वास ठेवून ते एक अक्षर आणि मेमरीत त्याच्या शेजारी जे पडले असेल ते सगळे उचलून देऊन टाकत असे. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत आणि खुद्द सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. दुरुस्ती अगदी किरकोळ होती: सांगितलेली लांबी आणि आलेल्या निरोपाची लांबी ताडून पाहायची, जुळत नसेल तर निरोप गुपचूप टाकून द्यायचा. ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून दोन वर्षे जगासमोर उघड्यावर पडून होती. कोड कोणालाही वाचायला खुला होता आणि त्या काळच्या नामांकित स्वयंचलित तपासनीसांच्या नजरेखालून तो जातही होता.

ते गप्प का राहिले? अशी त्रुटी पकडायची तर यंत्राला तीन गोष्टींची साखळी जुळवावी लागते: हा आकडा परक्या माणसाने पाठवलेला आहे, वाटेत तो कुठेही तपासला गेलेला नाही, आणि शेवटी मेमरी किती उचलायची ते तोच ठरवतो. ओपनएसएसएलमध्ये तो आकडा पॉइंटरांच्या इतक्या बोळांतून फिरून येत होता की साखळीची पहिलीच कडी यंत्राच्या हातून निसटत होती. आकडा बाहेरचा आहे हेच त्याला ठाऊक नव्हते, मग संशय येणार कुठून? त्रुटी जाहीर झाल्यावर कव्हरिटी या तपासनीसाच्या निर्मात्यांनी एक युक्ती काढली. नेटवर्कवरून आलेल्या आकड्याचे बाइट बहुधा उलटसुलट लावून घ्यावे लागतात. तेव्हा कोडमध्ये बाइट असे फिरवलेले दिसले की तो आकडा परका समजायचा. एवढे शिकवल्याबरोबर यंत्र त्याच ओळीवर ओरडू लागले. म्हणजे २०१२ ते २०१४ या काळात त्या यंत्राचे मौन कशाचाच पुरावा नव्हते. ते काळोखातल्या घड्याबद्दलचे मौन होते, आणि दिवा लागला तो घडा दुसऱ्यांना सापडल्यावर. यंत्रे वाईट होती असे मुळीच नाही. इतर हजारो चुका ती पकडत होतीच. चूक झाली ती त्यांच्या मौनाचा अर्थ लावणाऱ्यांची.

यावर उत्साही माणूस म्हणेल, ठीक आहे, आज नाही तर उद्या सर्व प्रकारच्या त्रुटी ओळखणारे यंत्र होईल. ते होणार नाही, आणि याचे कारण पैसा किंवा वेळ कमी पडतो हे नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये आणि हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये जे सिद्ध केले त्याचा मथितार्थ असा: प्रोग्रॅम चालताना काय करील, याविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न घ्या; कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी त्या प्रश्नाचे बिनचूक ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर ठरावीक वेळात देणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. तेव्हा तपासनीस बनवणाऱ्याला कुठेतरी पडते घ्यावेच लागते. शंका आली तिथे ओरडणारे यंत्र बनवले तर खोट्या इशाऱ्यांचा ढीग पडतो. इंजिनिअर पहिले पन्नास इशारे मन लावून वाचतो, पुढचे पाचशे चाळतो, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन ती तपासणीच बंद करून टाकतो. खात्री असेल तिथेच बोलणारे यंत्र बनवले तर ते लोकांना आवडते, विकलेही जाते, पण त्याच्या मौनाची किंमत उतरते. बाजारात चालणारी बहुतेक साधने या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभी असतात. नेमकी कुठे, ते मात्र रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेले नसते. इशारा आला होता पण कोणीतरी तो ‘चालेल’ म्हणून दाबला, ही तर तिसरीच जात. तिथे घडा दिसला होता, बघणाऱ्याने तोंड फिरवले. आणि अंतिम रिपोर्टमध्ये हे मौनही इतर मौनांसारखेच दिसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळ्या बाजूने येतो. प्रोग्रॅमच्या निर्दोषपणाची गणिती सिद्धता देणाऱ्या पद्धती आहेत, मग अभावाबद्दल एवढी साशंकता कशाला? आक्षेप खरा आहे. पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर उभारलेल्या ‘आस्त्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचा १,३२,००० ओळींचा सी भाषेतला प्रोग्रॅम तपासला आणि चालताना तो कोसळवणाऱ्या ठरावीक प्रकारच्या चुका त्यात नाहीत, हे एकही खोटा इशारा न देता सिद्ध केले. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मिळून सी भाषेतल्या प्रोग्रॅमबद्दलची विधाने गणिताने पडताळणारे ‘एस’ हे साधन २००२ मध्ये मांडले. या यशामुळे माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. आस्त्रे जिंकले कारण त्याच्या प्रश्नातला प्रतियोगी नेमका होता: शून्याने भागाकार, आकडा मर्यादेबाहेर जाणे, यादीच्या टोकापलीकडची जागा वाचणे. आणि दुसरे म्हणजे जमीन आधीच झाडून ठेवलेली होती. विमानाच्या त्या कोडमध्ये चालता चालता मेमरी मागणे नव्हते, स्वतःलाच बोलावणारी फंक्शने नव्हती. तुर्भ्याचे साधनही सी भाषेच्या मिस्रा नावाच्या, शिस्तीत बांधलेल्या पोटभाषेसाठीच होते. म्हणजे या मंडळींनी योग्यता गृहीत धरली नाही, ती बांधून काढली. घडा शोधण्याआधी खोलीत उजेड येईल अशा खिडक्या ठेवल्या. वर्षानुवर्षे ठिगळे लावत वाढलेल्या, निम्म्या लायब्रऱ्या कुठून आल्या हेही न आठवणाऱ्या बँकिंग सॉफ्टवेअरवर तेच साधन चालवून तोच निष्कर्ष काढता येणार नाही. शिवाय सिद्धतेलाही तिची स्वतःची जमीन असते. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ या हल्ल्याने दाखवून दिले की कोडमध्ये मर्यादेची तपासणी अगदी व्यवस्थित लिहिलेली असली, तरी प्रोसेसर पुढचा अंदाज बांधून तिच्या निकालाआधीच पलीकडची मेमरी वाचून बसतो आणि त्याच्या खुणा मागे राहतात. सोर्स कोडबद्दलचे विधान तसेच खरे राहिले. हल्ला एक मजला खालून आला.

मग उलट टोकाचा माणूस पुढे येतो. मौनाला अर्थच नसेल, तर कोणीही काहीही आरोप करावा आणि आपण तो नाकारू नये, असेच ना? हा पेच आपल्या दर्शनांनी फार पूर्वी अनुभवला आहे, आणि तोही थेट देवाच्या बाबतीत. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात निरीश्वरवाद्यांना अडवले ते याच अटीवर: ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे तुम्ही म्हणता, पण जो मुळात दिसण्याजोगाच नाही, त्याचे न दिसणे काय सिद्ध करणार? प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले होते: मग न दिसणाऱ्या कसल्याही कल्पित वस्तूला तुम्हाला दारे उघडावी लागतील. या वादात उदयनाचार्यांची बाजू अर्धीच घेण्यासारखी आहे, असे मला वाटते. न दिसण्यावरून ईश्वराचा निषेध होत नाही, इथपर्यंत ते बरोबर. पण त्यावरून ईश्वर सिद्धही होत नाही, आणि हे त्यांनाही माहीत होते, म्हणून तर पाचव्या स्तबकात त्यांना स्वतंत्र अनुमाने रचावी लागली. कोडच्या बाबतीतही तसेच. ‘त्रुटी असू शकते’ एवढ्यावर कोणाचे सॉफ्टवेअर सदोष ठरत नाही. आरोप करणाऱ्याने ती दाखवली पाहिजे. न्यायग्रंथांत याच संदर्भात येणारे पिशाचाचे उदाहरण मोठे मार्मिक आहे. या जागेत पिशाच नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही, कारण पिशाच दिसत नसते. पण हा खांब पिशाच नाही, हे मात्र डोळ्यांनी ठरते; खांब पिशाच असता तर खांब म्हणून असा स्पष्ट दिसला नसता. म्हणजे वस्तू अदृश्य असली तरी तिच्याबद्दलचे काही नकार पक्के असू शकतात, फक्त ते नेमके केले पाहिजेत. शिवाय सुरक्षेच्या क्षेत्रात एक जास्तीची भानगड आहे, जी नैयायिकांपुढे नव्हती. त्यांचा पाहणारा कोणीही सर्वसाधारण माणूस होता, डोळे उघडे असले की झाले. इथे दोन पाहणारे आहेत. बँकेचा तपासनीस ठरलेल्या मुदतीत पाहतो. चोराला मुदत नसते, आणि त्याला एकच दार पुरते. तपासनीसाला अयोग्य असलेली वस्तू चोराला योग्य असू शकते. पिशाच कोणालाच दिसत नाही म्हणून निरुपद्रवी ठरते. त्रुटी तशी नाही.

व्यवहारी आक्षेपाला फार जागा देण्याची गरज नाही. गिरगावात किंवा दादरला शाखा असलेली एखादी नागरी सहकारी बँक म्हणेल की सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे, ऑडिटर बाहेरचा, आणि ऑक्टोबर २०१८ पासून रिझर्व्ह बँकेची सायबर चौकट आम्हालाही लागू. आम्ही बँक चालवायची की न्यायशास्त्र शिकायचे? शिकू नये, पण ऑडिटरकडून दोन पाने जास्त मागून घ्यावीत: कोणकोणत्या प्रकारच्या त्रुटी शोधल्या, कोणत्या शोधल्याच नाहीत, कोडचा कोणता भाग यंत्राला वाचता आला नाही, किती इशारे दाबले आणि कोणाच्या सहीने. ही माहिती ऑडिटरच्या संगणकात असतेच. ती मागितली जात नाही, कारण स्वच्छ पहिले पान सगळ्यांनाच सोयीचे असते.

राहिला सर्वांत ताजा दावा, कृत्रिम बुद्धिमत्तेचा. अमेरिकेच्या दार्पा या संस्थेने घेतलेल्या स्पर्धेची अंतिम फेरी ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासला झाली. खऱ्या, वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम त्रुटी पेरल्या होत्या आणि त्या माणसाच्या मदतीशिवाय शोधून दुरुस्त करायच्या होत्या. स्पर्धक यंत्रणांनी पेरलेल्यांपैकी ५४ शोधल्या, त्यातल्या ४३ दुरुस्त केल्या. शोधण्याच्या बाजूने ही झेप मोठीच आहे आणि तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही. यंत्राने दाखवलेली त्रुटी चालवून पाहता येते, ती खरी की खोटी याचा निकाल लागतो, मग ती कोणत्या बुद्धीने शोधली याने फरक पडत नाही. पण शोधणे वाढले म्हणून मौनाची किंमत त्याच प्रमाणात वाढत नाही. आस्त्रेला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्याच्या रचनेवरून सांगता येते. भाषेचे प्रारूप आज एक त्रुटी पकडते आणि उद्या तशीच दुसरी सोडून देते. का सोडली, हे त्याच्या निर्मात्यालाही नेमके सांगता येत नाही. पेरणीवरून त्याची योग्यता मोजावी, हा यावरचा सर्वांत समंजस तोडगा आहे आणि तो करावाच. मर्यादा एवढीच की पेरणाराही माणूस आहे. त्याला सुचतील तशाच चुका तो पेरणार, आणि हार्टब्लीड पेरण्याचे २०१३ मध्ये किती जणांना सुचले असते? त्याच अंतिम फेरीत यंत्रणांना कोणी न पेरलेल्या, त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच असलेल्या आणखी १८ खऱ्या त्रुटी सापडल्या. पेरलेल्यांबाबत किती सुटल्या ते वजाबाकी करून सांगता येते, कारण किती पेरल्या ते आयोजकांना ठाऊक होते. अठरांसाठी ती वजाबाकी मांडताच येत नाही. तेव्हा अशा यंत्राच्या रिपोर्टमध्ये पेरलेल्या त्रुटींपुढे टक्केवारी जरूर छापावी. खऱ्या त्रुटींच्या रकान्यात मात्र सापडलेल्यांची नुसती संख्या लिहावी आणि टक्क्यांची जागा कोरी सोडावी.